उन्हातले नऊ तास

मला राग आला की मी बोलत नाही, भांडी घासते. घासून झालेली भांडीसुद्धा पुन्हा घासते. हाडांच्या प्रकल्पात मी खोटारडी ठरले त्याच्या दुसऱ्या दिवशी चिखलीतल्या आमच्या घरात घासायला एक चमचा उरला नव्हता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. शेवटी म्हणाली, "आता मले घासशीन का?" तेव्हा कुठे मी नळ बंद केला.

मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली बाई. बरीच वर्षं कॉलेजांमधून तासाच्या बोलीवर शिकवलं. बेडूक फाडून दाखवले, झुरळाचे मुखावयव फळ्यावर काढले, आणि दर जून महिन्यात यंदा तरी बोलावतात का म्हणून वाट पाहिली. पन्नाशी जवळ आल्यावर वर्तमानपत्रात एक जाहिरात दिसली. शहरातल्या एका प्रयोगशाळेला आमच्या जिल्ह्यातल्या गावांमध्ये फिरून माहिती गोळा करणारं माणूस हवं होतं. विषय होता उतारवयातली हाडं. मी अर्ज केला आणि लागले. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र अडकवून मी उंद्रीच्या स्टँडवर उतरले तेव्हा मला जिल्हाधिकारी झाल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करते.

प्रकल्पाच्या प्रमुख एक मॅडम होत्या. वयाने माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या, आणि हाडांविषयी बोलायला लागल्या की जेवण विसरणाऱ्या. त्यांनीच मला शिकवलं की हाड म्हणजे दगड नव्हे. ते आयुष्यभर कोरलं जातं आणि भरलं जातं. एका जातीच्या पेशी जुनं हाड विरघळवतात, दुसऱ्या जातीच्या पेशी तिथे नवा सांगाडा विणतात आणि त्यात कॅल्शियमचे क्षार बसतात. पाळी गेल्यावर बायकांमध्ये कोरणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. त्यात ड जीवनसत्त्व कमी असेल तर क्षार नीट बसतच नाहीत. पोटातून कॅल्शियम मिळेना झालं की गळ्यातल्या चार बारीक ग्रंथी हाडाला हात घालतात, कणगीतलं धान्य काढावं तसं त्यातलं कॅल्शियम काढून रक्तात आणतात. आणि हे ड जीवनसत्त्व कातडीत तयार होतं, उन्हाने. मॅडम सांगत होत्या आणि मी वहीत उतरवत होते. इतकं मन लावून मी परीक्षेतसुद्धा काही उतरवलं नव्हतं.

काम असं होतं. गावच्या समाजमंदिरात शिबिर लावायचं. पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका आणि पुरुष बोलवायचे. सोबतचा तंत्रज्ञ रक्त घ्यायचा. मी त्यांची टाच एका छोट्या यंत्रात ठेवून हाडाची मजबुती मोजायची आणि मग समोर बसवून फॉर्म भरायची. फॉर्म अकरा पानांचा होता. दूध किती, भाकरी कशाची, बाळंतपणं किती, कधी पडलात का, कुठलं हाड मोडलं का. सातव्या पानावर उन्हाचे प्रश्न होते: दिवसातून किती तास उन्हात असता, आणि तेव्हा अंगावर कोणते कपडे असतात.

शिबिराला बायका लग्नाला निघाल्यासारख्या यायच्या. घडीची साडी, तोंडाला पावडर, हातात नव्या बांगड्या, केसांना तेल. रक्त काढायला हात पुढे करताना आधी पदर नीट करायच्या. मी विचारायची, उन्हात किती तास? "सकाळी आठ ते संध्याकाळी पाच." अंगावर काय? "साडी-पोलकं, अजून काय." एकीने असं सांगितलं, दुसरीने असंच सांगितलं, आणि तीन गावांमधल्या सगळ्यांनी असंच सांगितलं. कपाशीच्या दिवसांत सगळ्याच शेतात असतात, वेगळं सांगणार तरी काय. मी लिहीत गेले. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे सगळे फॉर्म कसे नेटके, एकासारखे एक दिसत होते. पुढे हेच अक्षर माझ्या जिवावर उठलं.

रक्ताचे अहवाल आले आणि मॅडमनी मला शहरात बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर माझे फॉर्म दोन गठ्ठ्यांत ठेवले होते. एक पुरुषांचा, एक बायकांचा. पुरुषांचं ड जीवनसत्त्व बरं होतं. बायकांचं इतकं कमी होतं की वर्षानुवर्षं घराबाहेर न पडणाऱ्या माणसाचं असावं. गळ्यातल्या ग्रंथींचा स्राव वाढलेला, टाचांची हाडं वयाच्या मानाने फार पोकळ. आणि फॉर्मावर प्रत्येकीचे उन्हातले नऊ तास.

मॅडमनी पुरुषांचे चार-पाच फॉर्म माझ्यापुढे सरकवले. कुणी सांगितलं होतं सकाळी पाणी देतो आणि दुपारी घरी, कुणी बनियनवर, कुणी उघड्या अंगाने. मग बायकांचे सरकवले. आठ ते पाच, साडी-ब्लाउज. आठ ते पाच, साडी-ब्लाउज.

"हे फॉर्म तुम्ही कुठे बसून भरलेत?" त्यांनी शांतपणे विचारलं.

मला आधी कळलंच नाही. "समाजमंदिरात," मी म्हटलं.

"सगळ्या बायकांचं उत्तर अक्षर न अक्षर सारखं असतं का? नऊ तास उन्हात आणि हे अहवाल? दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत. रक्त खोटं बोलत नाही."

म्हणजे कोण खोटं बोलतं, ते सांगायची गरज नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली. पण तोंडातून काय निघालं, तर "मॅडम, मी विचारलं होतं हो," आणि तेही इतक्या बारीक आवाजात की माझी मलाच लाज वाटली. प्रत्येक फॉर्मच्या शेवटी तपासनीसाची सही लागायची, आणि ती मॅडमची असायची. त्या म्हणाल्या, बायकांच्या फॉर्मांवर मी सही करणार नाही. ते अभ्यासातून वगळावे लागतील, आणि तो गठ्ठा त्यांनी माझ्याच हातात परत दिला. सही नाही म्हणजे अहवाल ग्राह्य नाही, आणि अहवाल ग्राह्य नाही म्हणजे त्या बायकांना उपचारासाठी डॉक्टरांकडे पाठवायचं पत्रही निघणार नाही. महिनाअखेर माझा करार संपत होता. तो पुढे चालेल की नाही याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण मला ऐकू आलं.

रेल्वेने शेगावपर्यंत आले आणि तिथून एस.टी.ने घरी. एस.टी.भर लोक शेगावच्या प्रसादाच्या पुड्या सांभाळत गप्पा मारत होते आणि मी खिडकीशी तोंड करून मॅडमना द्यायची उत्तरं जुळवत होते. एकेक उत्तर असं की समोरच्याने कान धरावे. अशी उत्तरं मला नेहमी गाडीत बसल्यावरच सुचतात. दुसऱ्या दिवशी भांडी घासली, ते वर सांगितलंच.

नळ बंद केल्यावर डोकं जरा चालायला लागलं. मॅडमचं म्हणणं चुकीचं होतं, पण वेडगळ नव्हतं. रक्त खोटं नव्हतं हे मलाही मान्य होतं. मी खोटी नव्हते हे मला माहीत होतं. आणि त्या बायका माझ्याशी का खोटं बोलतील? तेव्हा मी ठरवलं की एका बाईबरोबर उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत राहायचं आणि ती कुठे असते, किती वेळ असते, ते घड्याळ लावून लिहायचं. करार गेला तर जाऊ दे, पण त्या गठ्ठ्यावर खोटा म्हणून शिक्का बसलेला मी सहन करणार नव्हते.

उंद्रीत एक मावशी होत्या. नात्यातल्या नव्हेत, पण पहिल्याच शिबिरात त्यांनी मला घरी नेऊन चहा पाजला होता, तेव्हापासून मी त्यांना मावशी म्हणायची. वय साठीच्या आसपास. मांड्या आणि कंबर दुखते म्हणून त्या कायम कुरकुरायच्या, आणि खाली बसलेल्या उठताना आधी दाराची चौकट धरायच्या, मग देवाचं नाव घ्यायच्या, मग उठायच्या. त्यांच्या अहवालातले आकडे तर सगळ्यांत वाईट होते. मी सकाळी साडेसातला त्यांच्या दारात हजर झाले.

"आज मी तुमच्यासंगं वेचायला येते," मी म्हटलं.

"काऊन व? सरकारनं तुले कापूस येचाले लावलं का आता?"

"लावलं असं समजा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आत गेल्या, भिंतीवरच्या खुंटीवरून दोन शर्ट काढले, एक स्वतःच्या साडीवर चढवला आणि दुसरा माझ्या अंगावर फेकला. "हे घाल. नाईतं बोंडाच्या टोकाईनं हात सोलून निघतीन, अन् मंग मलेच बोलशीन."

शर्ट त्यांच्या मुलाचा होता. मुलगा शाळेत लिपिक, म्हणून खिशाला शाईचा डाग. मी बाह्या घातल्या, मनगटाची बटणं लावली, मावशींनी माझ्या तोंडाला रुमाल बांधून दिला, फक्त डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि आम्ही निघालो. वाटेत आणखी सात-आठ जणी मिळाल्या. कुणाच्या अंगावर नवऱ्याचा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, कुणाच्या अंगावर पोराचा गणवेशाचा, गळ्याचं बटण तुटलेलं तिथे सेफ्टी पिन. मी वहीत लिहिलं: "आठ वाजून पाच मिनिटं, शेतात पोहोचलो, ऊन." मला वाचणाऱ्याने माफ करावं. मी स्वतः गळ्यापर्यंत बटणं लावून उभी होते आणि मला काही म्हणता काही दिसलं नाही.

कपाशीची वेचणी दिसायला सोपी असते. उकललेल्या बोंडातला कापूस ओढायचा आणि कमरेला बांधलेल्या झोळीत टाकायचा. पण वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात आणि पऱ्हाटीची झाडं कमरेइतकी वाढलेली असतात. तासाभरात माझी बोटं रक्ताळली. बायका माझ्याकडे बघून हसत होत्या. "एमेस्सी हाय म्हणे," एक म्हणाली, "पर बोंड तिले ओळखत नाई." मी चिडून दोन ओळी भराभर वेचल्या, तर अर्धा काडीकचरा झोळीत आला म्हणून पुन्हा हसल्या.

बाराला जेवायला बाभळीखाली बसलो. मावशींनी बाटलीतलं पाणी हातावर घ्यायला शर्टाची बाही कोपरापर्यंत सारली. पंजा काळपट तांबूस, उन्हात रापलेला. मनगटावर एक रेघ. रेघेच्या वर हात एकदम उजळ. मी बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी बाह्या सारल्या होत्या, सगळ्यांच्या मनगटावर तीच रेघ. शिबिरात हे हात मीच धरले होते, तंत्रज्ञाला शीर सापडावी म्हणून. तेव्हा ही रेघ डझनभर बांगड्यांखाली होती आणि मला वाटलं असावं, बांगड्यांमुळेच असेल.

भाकरीचा घास तोंडात तसाच राहिला.

"मावशी," मी म्हटलं, "हा शर्ट तुम्ही फॉर्मात का नाही सांगितला?"

"शर्ट? तुनं कपडे इचारले. मी साडी सांगतली."

"मग हे काय आहे?"

"हे येचणीचं हाय," त्या म्हणाल्या, जणू मी फारच बावळट आहे. "इळा, झोऱ्या, शर्ट, सगळं एकाच खुंटीवर असते. तुनं इळ्याचं इचारलं असतं तं मी शर्टाचंबी सांगतलं असतं."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या लेखी यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. कपडे म्हणजे जे नेसून माणसांत जायचं ते. शर्ट हे अवजार. मी त्यांना म्हटलं की तुम्ही उन्हात असता पण ऊन तुमच्यापर्यंत पोचतच नाही, आणि मग मला हसू फुटलं. इतकं हसले की ठसका लागला. एकीने माझ्या पाठीवर थापट्या मारल्या आणि मावशींना विचारलं, "इले ऊन लागलं का व?"

तिथूनच आईला फोन केला. आई सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मंग काय उघड्या हातानं येचतीन? मी नव्हती का तुह्या बाबाचा खाकी शर्ट घालत?" तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. बाबा हायस्कूलमध्ये शिपाई होते. त्यांचा गणवेशाचा शर्ट विटला की आईच्या वेचणीला जायचा. संध्याकाळी ती अंगणात हातपाय धुवायची, मी तो शर्ट झटकायची, त्यातला काडीकचरा काढायची आणि खुंटीला टांगायची. शाळेत असेपर्यंत रोज हे काम माझं होतं. आणि तीच मी, समाजमंदिरात टेबल मांडून बायकांना विचारत होते की अंगावर काय असतं, आणि साडी-ब्लाउज म्हणून लिहून घेत होते.

मॅडमना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता त्या चुकलं म्हणतील. त्या म्हणाल्या, "मी येते. ऊन मोजायच्या चकत्या घेऊन येते. मोजल्याशिवाय मी काही मानणार नाही." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण आतून मला ते आवडलंही. उगाच गोड बोलून सही केली असती तर ती सही मला नकोच होती.

चार दिवसांनी सकाळच्या गाडीने त्या शेगावला उतरल्या. मी जीप घेऊन गेले होते. खामगाव मागे टाकून आम्ही उंद्रीला पोचलो. त्यांच्या पिशवीत काळ्या कागदात गुंडाळलेल्या पांढऱ्या चकत्या होत्या, बटणापेक्षा जराशा मोठ्या. ऊन लागलं की त्यांचा रंग जांभळा होत जायचा, जितकं ऊन तितका गडद. मावशींच्या अंगणात आम्ही प्रत्येक बाईला दोन-दोन लावल्या, एक शर्टाच्या बाहीवर वरून आणि एक आत, हाताच्या कातडीवर चिकटपट्टीने. कोणती कुणाची त्याचे आकडे मॅडमनी स्वतः घातले आणि स्वतःच्या वहीत लिहिले. मला पेनला हात लावू दिला नाही. मी हाताची घडी घालून उभी राहिले.

मग मावशींनी मॅडमनाही शर्ट दिला. "माणूस शेतात आलं की शर्ट घालाच लागते," त्या म्हणाल्या, आणि मॅडमनी निमूटपणे घातला. तो खांद्यात घट्ट होत होता. दिवसभर त्या वेचत होत्या. पहिल्या तासाला त्यांचंही माझ्यासारखंच झालं, बोटातून रक्त आलं. बायका त्यांना मात्र हसल्या नाहीत, पाहुण्या म्हणून. मी हसले. थोडंसंच.

पाच वाजता सगळ्या जणी मावशींच्या ओट्यापाशी जमल्या. मॅडमनी एकेकीच्या चकत्या काढल्या आणि पांढऱ्या कागदावर जोडीजोडीने मांडल्या. वरची पिकलेल्या जांभळासारखी काळपट. आतली पांढरी, कुठे फिकट छटा असली तर असली. पहिली जोडी, दुसरी जोडी, तिसरी जोडी. शेवटची मॅडमची स्वतःची होती. ती त्यांनी बराच वेळ हातात धरून पाहिली.

मग त्यांनी चष्मा काढला आणि त्या सगळ्या बायकांच्या समोर म्हणाल्या, "मी ह्यांच्यावर आळ घेतला होता. ह्यांनी तुम्हाला न विचारता घरी बसून फॉर्म भरले असं मी म्हटलं होतं. माझी चूक झाली."

मी काही बोलायच्या आधीच मावशी उसळल्या. "इले खोटी म्हणलं तुमी? ह्या पोरीनं मले माह्या मायची कंबर कवा मोडली तेबी इचारलं. पोरं किती झाले, किती वाचले, तेबी इचारलं. माह्या नवऱ्यानं कधी इतकं इचारलं नाई मले. घरी बसून कोण लिहीन व असं?" आणि बाकीच्या जणी एकदम सुरू झाल्या. एक म्हणत होती मला तासभर बसवून ठेवलं, दुसरी म्हणत होती माझा चहा गार झाला पण हिचे प्रश्न संपेनात. तक्रारीच होत्या सगळ्या. मला इतका मोठा सत्कार आयुष्यात कुणी केला नाही.

मी पिशवीतून गठ्ठा काढला. बायकांचे सगळे फॉर्म मी सोबत घेऊन गेले होते, मुद्दामच; मधल्या चार दिवसांत बाकीच्या गावांमध्येही शर्टाचं विचारून आले होते. "मग आता सही करा," मी म्हटलं. आवाज या वेळी बारीक नव्हता. मॅडम ओट्यावर बसल्या. मी एकेक फॉर्म उलटून पुढे सरकवत होते, त्या सातव्या पानावर "वरून पूर्ण बाहीचा शर्ट, तोंडाला रुमाल" असं लाल पेनने लिहीत होत्या आणि शेवटच्या पानावर सही करत होत्या. मी प्रत्येक बाईचं नाव मोठ्याने वाचलं. जी समोर असेल ती "हाव" म्हणायची. मला उड्या माराव्याशा वाटत होत्या. पन्नाशीला टेकलेल्या बाईला ते शोभत नाही म्हणून नाही मारल्या, नाहीतर खरंच मारल्या असत्या.

पत्रं निघाली, आणि माझा करारही पुढे वाढला. डॉक्टरांनी तपासून बायकांना ड जीवनसत्त्वाचे डोस दिले, ज्यांना हवं त्यांना कॅल्शियम. मॅडमनी सुचवलं की दुपारी जेवताना शर्ट काढून बसा, हातापाठीला ऊन लागू द्या. बायकांनी ते लगेच उचललं. बाभळीची सावली सोडून त्या आता बांधावर उन्हात जेवायला बसायला लागल्या, शर्ट फांदीला टांगून. पुढच्या वर्षीच्या वेचणीला आम्ही पुन्हा रक्त घेतलं. आकडे वर चढले होते. गळ्यातल्या ग्रंथी शांत झाल्या होत्या. टाचेचं यंत्र सावकाश बोलतं, हाड एका वर्षात काही तरुण होत नाही, पण घसरण तरी थांबलेली दिसत होती. आणि आपली टाच मोजून झाली का असं विचारून मावशी खुर्चीजवळच्या सतरंजीवर बसल्या, थोड्या वेळाने बोलता बोलता उठून पाणी प्यायला गेल्या. चौकट धरली नाही, देवाचं नावही घेतलं नाही. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्या आलं, आणि मी फॉर्मावर लिहिलं.

त्याच वर्षी मॅडमनी हे काम शहरातल्या एका मोठ्या परिषदेत मांडलं. पडद्यावरच्या पहिल्याच पाटीवर नावांच्या ओळीत माझं नाव होतं. मी पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसले होते. बोलणं संपल्यावर एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले. हाडांवर आयुष्य घालवलेले, सगळे त्यांना सर म्हणत होते. त्यांनी विचारलं, "इतक्या बायकांना विचारलं, आणि एकीनेही शर्टाबद्दल सांगितलं नाही? हे मला पटत नाही. मुलाखती नीट झाल्या होत्या का?"

पुन्हा तेच. माझे कान तापले. मॅडम माइकशी होत्या, त्या काहीतरी चांगलं उत्तर देऊ शकल्या असत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मुलाखती ज्यांनी घेतल्या त्या इथे आहेत. त्याच सांगतील."

मी उठले. पुण्या-मुंबईकडच्या माणसांसमोर बोलायचं म्हणून मनात शुद्ध वाक्यं जुळवली होती, पण रागात ती कुठे टिकतात. "सर, त्याईनं खोटं सांगतलं नाई," मी म्हणाले. "त्याईले कपडे इचारले, त्याईनं कपडे सांगतले. शर्ट त्याईच्या हिशोबी कपडा नाई, अवजार हाय. अन् मीबी त्यातलीच. माह्या मायचा शर्ट मी रोज खुंटीवर टांगला, अन् फॉर्म भरताना मले तो आठवला नाई. तुमच्याकडचं माणूस असतं तं त्यानं पाहताच इचारलं असतं, पण ते शेतात गेलं नसतं. मी गेली, म्हणून सापडला."

मागे कुणीतरी हसलं, बहुतेक माझ्या बोलण्याला. पण सर हसले नाहीत. मग त्यांनी हातातली वही मिटली आणि म्हणाले, "गेली वीस वर्षं आम्हीही हेच प्रश्न विचारतोय. नऊ जिल्ह्यांत. आमच्या फॉर्मांमध्ये काय काय राहून गेलं असेल, ते तुम्ही एकदा बघाल का?"

सभागृहात सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या होत्या. मी पदर नीट केला आणि म्हटलं, "पाठवा. पाहते."